मेळाव्यातून साठ कार्डे आणली, रीलला दहा हजार व्ह्यूज आले, तरी व्यवहार का होत नाही?

पिंपरी-चिंचवडमध्ये दोन वर्षांपासून मालमत्ता एजंट म्हणून काम करणाऱ्या एका तरुण सहव्यावसायिकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. एजंटांच्या एका दिवसभराच्या मेळाव्याला ते गेले होते. सकाळच्या सत्रात परस्परांच्या ओळखी आणि दुपारच्या सत्रात समाजमाध्यमांवरची जाहिरात, असा कार्यक्रम होता. तेथून त्यांनी साठ व्हिजिटिंग कार्डे आणली, शिकवल्याप्रमाणे रील केल्या, त्यांतल्या एकीला दहा हजार व्ह्यूज मिळाले. मात्र तीन महिन्यांत त्यातून एकही व्यवहार झाला नाही. अशा मेळाव्यांचा खरोखर उपयोग होतो का, रील करण्यात वेळ घालवावा का आणि आयोजकांचे वार्षिक सभासदत्व घ्यावे का, असे तीन उपप्रश्न त्यांनी केले आहेत.

मी कोथरूड, कर्वेनगर आणि वारजे या पट्ट्यात सतरा वर्षे पुनर्विक्रीची आणि भाड्याची कामे करतो. अशाच एका मेळाव्याला दोन वर्षांपूर्वी मीही गेलो होतो, आणि खरे सांगायचे तर मुलाने परस्पर नाव नोंदवून पैसे भरून टाकले होते म्हणून गेलो होतो. त्या दिवसाचा मला फायदा झाला. पण तो सहा महिन्यांनी झाला आणि ज्या कारणासाठी गेलो होतो त्यातून झाला नाही.

माझी जी चूक झाली तीच तुमचीही झालेली दिसते. दोनशे एजंट जमलेल्या सभागृहात आपण गिऱ्हाईक शोधत बसलो. तेथे गिऱ्हाईक नसते. तेथे असते ती दुसऱ्याच्या हातातली जागा, दुसऱ्याच्या हातातली पार्टी, म्हणजे त्याचे गिऱ्हाईक, आणि या दोन्हींविषयीची माहिती; आणि ही माहितीसुद्धा, जो नेमके काही सांगतो आणि नेमके काही मागतो, त्यालाच मिळते. आमच्या मेळाव्यात प्रत्येकाला उभे राहून एक मिनिट बोलायचे होते. पहिल्या तीस-चाळीस जणांनी जवळजवळ एकच वाक्य म्हटले: रेसिडेन्शियल, कमर्शियल, प्लॉट, रेंटल, ऑल ओव्हर पुणे. मीही तेच म्हणालो. ऑल ओव्हर पुणे काम करणारा माणूस नेमका कोठे काम करतो हे कोणालाच कळत नाही, त्यामुळे त्याला फोन करण्याचे कारणही कोणाला सापडत नाही.

त्यानंतर एक बाई उठल्या. त्या म्हणाल्या, ‘मी वाकड आणि थेरगावमधल्या फक्त पाच सोसायट्यांत रिसेल करते. पाचांपैकी चार सोसायट्यांचे सेक्रेटरी मला नावाने ओळखतात. माझ्याकडे आज एक पार्टी आहे, त्यांना तळमजला किंवा पहिला मजला हवा आहे, कारण घरातल्या आजींच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशन्स झाली आहेत. लिफ्ट असली तरी त्यांना वरचा मजला नको, वीज गेली की अडकून पडू असे त्यांना वाटते.’ एवढे बोलून त्या बसल्या. चहाच्या वेळी त्यांच्याभोवती सात-आठ जण उभे होते आणि त्यातले दोघे तरी मोबाइलमध्ये जागेचे फोटो शोधत होते. आजींचे गुडघे ऐकणाऱ्याच्या लक्षात राहतात. दोन बीएचके, बजेट ऐंशी लाख, हे दुसऱ्या मिनिटाला विसरले जाते.

परक्या भागातल्या एजंटांशी ओळख का वाढवावी, याचे एक कारण आपल्या धंद्यात फार स्पष्ट दिसते. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली असे मांडले होते, की नवी माहिती आपल्याला घट्ट मित्रांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून अधिक मिळते, कारण घट्ट मित्रांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. कोथरूडमधल्या आम्हा पंधरा-वीस एजंटांना एकमेकांकडच्या जागा तोंडपाठ आहेत; चावी कोणाकडे आहे आणि मालक किती रुपयांवर अडून बसला आहे, हेसुद्धा माहीत असते. पण धायरीतला फ्लॅट विकून हिंजवडीच्या जवळ जाऊ पाहणारे कुटुंब आले, की आमच्यापैकी कोणाचाच उपयोग नसतो. तेथे वाकडच्या बाईच लागतात. म्हणून मेळाव्यात आपल्या ओळखीच्या चार जणांच्या टेबलावर बसून जेवणे म्हणजे भरलेली फी जेवणात वसूल करणे होय. मी दुपारपर्यंत तेच केले.

आता साठ कार्डांविषयी. मी बावन्न आणली होती. घरी आल्यावर टेबलावर पसरली तेव्हा त्यातल्या निम्म्यांचे चेहरेसुद्धा आठवेनात. शेवटी ज्यांच्याशी काही ठोस बोलणे झाले होते अशी चौदा कार्डे बाजूला काढली, प्रत्येकाच्या मागे एकेक ओळ लिहिली आणि त्या चौदा जणांना तीन दिवसांत फोन केले. फोनवर ‘भेटून आनंद झाला’ असे काही म्हणायचे नाही, असे मी ठरवले होते. एक ठोस प्रश्न विचारायचा किंवा एक ठोस माहिती द्यायची. ‘तुमच्याकडे बावधनमध्ये क्लिनिकसाठी भाड्याची जागा पाहणारे डॉक्टर होते ना, त्यांचे ठरले का? नसेल तर माझ्या माहितीत रस्त्यालगत तळमजल्यावर एक गाळा आहे, मालक फक्त डॉक्टर किंवा बँक बघतो आहे.’ चौदापैकी पाच जणांशी संबंध आजही टिकून आहेत. उरलेल्या अडतीस कार्डांचे काहीच झाले नाही, आणि त्यात वाईट वाटण्यासारखे काही आहे असे मला वाटत नाही.

एक बारीकशी पण कामाची गोष्ट येथेच सांगतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीतला संदेश ज्याने आपला क्रमांक सेव्ह केलेला असतो त्यालाच पोहोचतो. एका यादीत २५६ जण बसतात, पण त्यांतल्या दोनशेंनी क्रमांक सेव्ह केलेला नसेल तर आपण भिंतीशी बोलत असतो. म्हणून कार्ड देण्याऐवजी समोरच्याला तेथल्या तेथे मिस्ड कॉल द्यावा आणि नाव, भाग आणि काम अशा तीन शब्दांत सेव्ह करायला सांगावे. माझा क्रमांक ‘कोथरूड रिसेल’ असा सेव्ह केलेले पुष्कळ एजंट आहेत. त्यांना माझे आडनाव आठवत नाही आणि आठवण्याची गरजही नाही.

मेळाव्यानंतर जो व्हॉट्सअ‍ॅप गट तयार होतो, त्याची अवस्था तुम्ही पाहिलीच असेल. पहिल्या आठवड्यात शुभेच्छा, दुसऱ्या आठवड्यात बांधकाम व्यावसायिकांच्या रंगीत जाहिराती आणि तिसऱ्या आठवड्यापासून गट म्यूट. त्या गटात ‘२ बीएचके, बाणेर, सेमी फर्निश्ड, ९५ लाख, निगोशिएबल, कॉल मी’ असे संदेश दिवसाला शंभर पडतात. त्यातली अर्धी जागा विकून गेलेली असते, उरलेल्यातली बरीच तिसऱ्याच एजंटाकडून ऐकलेली असते आणि दर त्याने आपल्या मनाने लावलेला असतो. मी त्या गटात माझी जागा टाकतो तेव्हा संदेश असा असतो: ‘कर्वेनगर, १९९४ची सोसायटी, दुसरा मजला, लिफ्ट नाही. कार्पेट ६१० चौरस फूट, करारनाम्यावरून. मालक मला थेट ओळखतात, चावी माझ्याकडे. इंडेक्स टू आणि शेअर सर्टिफिकेट पाहिले आहे, कर्ज नाही. एक दुचाकी आणि एक कार, कार उघड्यावर. मागणी ७८, बसल्यावर थोडे फार होईल. शनिवार-रविवारी दाखवता येईल. ब्रोकरेज आपापल्या पार्टीकडून.’ (इंडेक्स टू म्हणजे खरेदीच्या सरकारी नोंदणीचा उतारा, शेअर सर्टिफिकेट म्हणजे सोसायटीतल्या भागांचा दाखला.) हा संदेश लिहायला दहा मिनिटे लागतात, पण त्यासाठी आधी मालकाच्या घरी जाऊन कागद पाहण्यात अर्धा दिवस गेलेला असतो. त्या अर्ध्या दिवसामुळेच समोरचा एजंट आपली पार्टी घेऊन कोथरूडपर्यंत यायला तयार होतो.

ब्रोकरेजचे वाक्य मी शेवटी का घालतो, याला एक कडू आठवण आहे. मेळाव्यात भेटलेल्या एका एजंटाबरोबर मी पहिलाच व्यवहार तोंडी बोलीवर केला. जागा माझी, पार्टी त्यांची, दोन्ही बाजूंची दलाली एकत्र करून अर्धी-अर्धी वाटायची, असे चहा पिताना ठरले होते. पुण्यात पुनर्विक्रीत साधारणपणे दोन्ही बाजूंकडून प्रत्येकी एक ते दोन टक्के घेतले जातात, त्यामुळे रक्कम किरकोळ नव्हती. नोंदणीच्या दिवशी ते म्हणाले, की पार्टीने त्यांना काहीच दिलेले नाही, तेव्हा मालकाकडून जे आले त्यातलेच अर्धे द्या. पार्टीने त्यांना पैसे दिले होते हे मला महिन्याभराने पार्टीकडूनच कळले. मी भांडलो नाही, कारण दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हते. तेव्हापासून साइट दाखवण्याच्या आधी मी एक संदेश पाठवतो: पार्टीचे नाव, जागा, कोण कोणाकडून किती घेणार, जीएसटी वेगळा की धरून आणि पैसे नोंदणीच्या दिवशी की बँकेचा चेक निघाल्यावर. समोरून ‘ओके’ आल्याशिवाय मी चावी काढत नाही. सुरुवातीला हे माणसाला उद्धट वाटते. दोन व्यवहारांनंतर तोच माणूस आपल्याला असा संदेश पाठवू लागतो.

नव्या प्रकल्पांत हीच भानगड टॅगिंगच्या, म्हणजे पार्टी कोणत्या एजंटाची याच्या नोंदीच्या, रूपाने येते. चॅनेल पार्टनर, म्हणजे विकासकाला गिऱ्हाईक आणून देणारा एजंट, म्हणून तुम्ही पार्टी साइटवर नेली आणि तिची नोंद तुमच्या नावावर आधी झालेली नसेल, तर पुढे ती पार्टी कोणाची यावरून तुमचा, दुसऱ्या एजंटाचा आणि विकासकाच्या विक्री विभागाचा तंटा ठरलेला. टॅगिंगची मुदत किती दिवसांची आहे हे सोर्सिंग मॅनेजरकडून, म्हणजे एजंटांशी व्यवहार पाहणाऱ्या विकासकाच्या माणसाकडून, लेखी घ्यावे. मेळाव्याला आलेल्या सोर्सिंग मॅनेजरांशी बोलताना दलालीच्या टक्क्यांपेक्षा हा प्रश्न आधी विचारावा, असे माझे मत आहे; टक्के सगळेच सांगतात.

दुपारच्या सत्राकडे वळतो. आमच्या वक्त्याने कॅमेऱ्याचा कोन, पहिली तीन सेकंदे, चालू असलेली गाणी आणि दररोज एक रील टाकण्याची शिस्त यांवर दीड तास घालवला. त्यातले काही उपयोगी होते. मात्र त्या दीड तासात ‘महारेरा’, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणारे राज्याचे प्राधिकरण, हा शब्द एकदाही आला नाही, याचे मला तेव्हाही आश्चर्य वाटले आणि आजही वाटते. २०१६च्या स्थावर संपदा कायद्यात जाहिरातीची व्याख्या इतकी व्यापक आहे, की कोणत्याही माध्यमातली कोणत्याही स्वरूपाची प्रसिद्धी तिच्यात बसते. म्हणजे नव्या प्रकल्पाची तुमची रील ही जाहिरात आहे आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे स्टेटससुद्धा जाहिरातच आहे. नोंदणी लागणारा प्रकल्प नोंदणीपूर्वी विकता येत नाही, त्याची जाहिरात करता येत नाही आणि एजंटाला त्याच्या विक्रीत मदतही करता येत नाही. ‘प्री-लाँच, दर फक्त आजच्यापुरता’ अशी रील टाकणारे माझ्या पाहण्यात अनेक आहेत. कलम ६२ प्रमाणे एजंटाला नियमभंग चालू असेल तोवर दिवसाला दहा हजार रुपये दंड होऊ शकतो आणि तो त्या सदनिकेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. प्रकल्पांच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांक आणि महारेराच्या संकेतस्थळाचा पत्ता तर लागतोच, शिवाय १ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात क्यूआर कोडही बंधनकारक झाला आहे, आणि तो नसल्यास पन्नास हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. विकासकाने पाठवलेली चित्रफीत आपण कापून, वर गाणे लावून पुढे टाकतो तेव्हा हा कोड आणि क्रमांक हमखास कापला जातो. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक संकेतस्थळावर टाकून ताबा देण्याची तारीख आणि मंजूर नकाशे स्वतः पाहिल्याशिवाय मी कोणतीही चित्रफीत पुढे पाठवत नाही.

त्याच कायद्याच्या कलम १० मध्ये एजंटांसाठी आणखी एक गोष्ट सांगितली आहे, तिच्याकडे आपल्या धंद्यात कोणी फारसे पाहत नाही. जी सेवा द्यायचीच नाही तिची जाहिरात छापू देणे, ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. स्वस्त दराची जागा दाखवायची, फोन आला की ‘ती कालच गेली, पण दुसरी आहे’ म्हणायचे, हा प्रकार वक्त्याने आम्हाला ‘हुक’ म्हणून शिकवला होता. कायदा बाजूला ठेवला तरी धंद्याच्या दृष्टीनेही तो तोट्याचा आहे, कारण फसलेला माणूस तुमचा क्रमांक ब्लॉक करतो आणि सोसायटीच्या गटात चार ओळी लिहितो.

आता तुमच्या दहा हजार व्ह्यूजचे. तुम्ही पाठवलेली ती रील मी पाहिली: एकविसाव्या मजल्यावरचे पेंटहाउस, ड्रोनचे चित्रण, इंग्रजी गाणे. ती पाहणाऱ्या दहा हजारांत पेंटहाउस घेणारे किती असतील याचा अंदाज तुम्हीच करा. लोक सुंदर घर बघतात तसेच सुंदर समुद्रकिनारा बघतात. तुमचा रोजचा धंदा मोशी आणि चिखलीतल्या एक बीएचकेच्या भाड्याचा आहे, आणि त्या भाडेकरूला जे हवे आहे ते तुमच्या एकाही रीलमध्ये नाही. त्याला पाण्याचा टँकर आठवड्यातून किती वेळा येतो, पार्किंग दुचाकीचे मिळेल का, अविवाहित मुलांना सोसायटी जागा देते का, कंपनीची बस कोठे थांबते आणि पोलीस पडताळणीसह लिव्ह अँड लायसन्सचा खर्च किती येतो, हे हवे असते.

मेळाव्यानंतर महिन्याभराने मी माझी पहिली चित्रफीत केली, ती सत्तर सेकंदांची होती आणि मुलाच्या मते कंटाळवाणी होती. कोथरूडमधल्या एका जुन्या, तीन मजली सोसायटीच्या जिन्यात उभा राहून मी मराठीत एवढेच सांगितले, की येथे लिफ्ट नाही, पाणी सकाळी एकदाच येते, गाड्या आंब्याच्या झाडाखाली लागतात आणि मे महिन्यात चीक पडून खराब होतात. पुनर्विकासाची चर्चा आहे पण सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९(अ)खालची पुनर्विकासाची प्रक्रिया अजून सुरू झालेली नाही, तेव्हा ‘रिडेव्हलपमेंटमध्ये मोठा फ्लॅट मिळेल’ या आशेवर कोणी चढा दर देऊ नये. आतल्या खोल्यांचे चित्रण मालकाच्या संमतीने केले, देवघर आणि भिंतीवरचे कुटुंबाचे फोटो वगळले, दारावरचा क्रमांक दिसू दिला नाही. गाणे घातले नाही, कारण व्यावसायिक खात्यावर हवे ते गाणे वापरता येतेच असे नाही. जेमतेम अकराशे जणांनी ती पाहिली.

पाच महिन्यांनी रात्री साडेदहाला न्यू जर्सीहून फोन आला. शेजारच्याच इमारतीत वाढलेले एक गृहस्थ होते. नाशिकच्या बहिणीने कुटुंबाच्या गटावर ती चित्रफीत पाठवली होती आणि आंब्याचे झाड ओळखून त्यांनी मला शोधून काढले होते. वडिलांच्या नावावरचा फ्लॅट विकायचा होता. ते म्हणाले, की तीन एजंटांनी त्यांना पुनर्विकासाची स्वप्ने दाखवली होती आणि उणे बाजू सांगणारे तुम्ही पहिले. येथवरचे काम चित्रफितीने केले. यापुढचे तिला करता येण्यासारखे नव्हते.

मृत्युपत्र नव्हते, शेअर सर्टिफिकेट वडिलांच्या नावावर होते, भाऊ अनिवासी आणि बहीण निवासी. सोसायटीत नामनिर्देशन फक्त भावाचे होते आणि नामनिर्देशित म्हणजे मालक, असा दोघांचाही समज होता. तो मालक नसतो, वारसांचे हक्क तसेच राहतात, हे त्यांना पहिल्याच फोनवर सांगावे लागले. बहिणीच्या नावे कुलमुखत्यारपत्र अमेरिकेत करून, त्यावर तेथील अपोस्टिल, म्हणजे दस्त खरा असल्याचे सरकारी प्रमाणपत्र, घेऊन, भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरायचे होते. खरेदीदाराला वाटत होते, की पन्नास लाखांच्या वरचा व्यवहार आहे, तेव्हा एक टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापून भरायचा कर) कापला की झाले. बहिणीच्या हिश्शाला ते लागू होते. भावाच्या हिश्शावर मात्र अनिवासींच्या दराने कर कापायचा होता आणि त्यासाठी खरेदीदाराला त्या वेळी टॅन हा करकपातीसाठीचा क्रमांक घ्यावा लागला. यातले वकिलाचे काम ज्यांनी केले ते मला त्या मेळाव्यात जेवणाच्या रांगेत भेटले होते. सनदी लेखापाल त्या वकिलांच्या ओळखीच्या. आणि खरेदीदार कोणी आणला? वाकडच्या बाईंनी. आजींना तळमजला तोपर्यंत मिळालेला होता. ही दुसरीच पार्टी होती, माहेर कोथरूडचे असलेली आणि पुन्हा तेथेच परतू पाहणारी. व्यवहाराला सात महिने लागले.

हा व्यवहार मी इतका सविस्तर सांगितला, कारण मेळावा आणि समाजमाध्यम यांचे एकमेकांशी असलेले नाते त्यात जसे दिसते तसे कोणत्याही सत्रात मी ऐकले नाही. अनोळखी माणूस चित्रफितीवरून फोन करतो, परंतु कागद, कर, कर्ज आणि दुसरी पार्टी ही सगळी जुळणी ओळखीच्या माणसांच्या जोरावर होते. तुमच्याकडे साठ कार्डे आहेत, त्यांत वकील किती, गृहकर्जाचे काम करणारे किती, ऑनलाइन भाडेकरार करून देणारे किती, हे एकदा पाहा. बहुतेक सगळे एजंटच असतील, तर साठ जण एकच वस्तू विकायला बसलेला तो बाजार झाला.

पैसे देऊन केलेल्या जाहिरातींविषयी फार लिहीत नाही, कारण माझा अनुभव मर्यादित आहे. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरच्या फॉर्ममध्ये पाहणाऱ्याचे नाव आणि क्रमांक आपोआप भरलेले येतात, त्यामुळे अंगठा लागला तरी लीड, म्हणजे चौकशीची नोंद, तयार होते आणि फोन केल्यावर समोरचा म्हणतो, मी काहीच भरले नाही. फॉर्मचा जो प्रकार पाठवण्यापूर्वी पुन्हा एकदा तपासायला लावतो तो निवडावा, त्यात ‘ताबा कधी हवा आहे’ असा स्वतः टंकावा लागेल असा एक प्रश्न घालावा. लीड कमी येतील आणि महाग पडतील, पण बोलणारी येतील. वक्त्याने सुचवलेला दुसरा मार्ग, म्हणजे आयटी कंपन्यांतल्या लोकांच्या क्रमांकांची यादी विकत घेऊन फोन करत सुटणे, तो मात्र टाळावाच. डीएनडीवर, म्हणजे प्रचाराचे फोन नकोत अशा यादीत, असलेल्या माणसाला आणि साध्या दहा अंकी क्रमांकावरून असे प्रचाराचे फोन करणे ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८च्या नियमांत बसत नाही, तक्रारी झाल्या तर क्रमांक बंद होऊ शकतो. आणि धंद्याचा क्रमांक बंद होणे म्हणजे काय, हे ज्याच्या दुकानाची पाटी एका रात्रीत उतरली आहे त्याला विचारावे.

राहिला सभासदत्वाचा प्रश्न. मी पहिल्या वर्षी ते घेतले नाही. ज्या पाच जणांशी संबंध टिकला होता त्यांना आणि त्या वकिलांना मी महिन्यातून एकदा, दुसऱ्या बुधवारी सकाळी, कर्वे रस्त्यावरच्या एका हॉटेलात नाश्त्याला बोलावू लागलो. बिल ज्याचे त्याने द्यायचे. तेथे प्रत्येकाने एक खात्रीची जागा आणि एक खरी मागणी सांगायची, दोन्ही नसतील तर नुसते पोहे खाऊन जायचे, असा रिवाज पडला आहे. आता आम्ही नऊ जण आहोत, त्यात एक आंतरसजावटकार आणि एक गृहकर्ज सल्लागार आहेत. दुसऱ्या वर्षी मात्र मी आयोजकांचे सभासदत्व घेतले, कारण या नऊ जणांत खराडी, हडपसर आणि वाघोली या पूर्वेच्या पट्ट्यातला एकही नव्हता आणि तिकडचे लोक त्यांच्या मेळाव्याला बऱ्यापैकी येतात असे मला दिसले होते. तुमच्या साठ कार्डांतून आधी असे पाच-सात जण निघतात का ते पाहा. निघाले, की तुमच्याकडे नेमक्या कोणत्या भागाचा आणि कोणत्या कामाचा माणूस नाही हे तुम्हाला सांगता येईल, आणि तो त्या सभागृहात भेटण्याजोगा असेल तरच वर्गणी भरा. तोपर्यंत मोशीतल्या कोणत्या सोसायट्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो याची एक चित्रफीत करा आणि मला पाठवा. माझ्याकडे भोसरी एमआयडीसीत नोकरी लागलेला एक मुलगा पुढच्या महिन्यापासून त्या बाजूला एक बीएचके शोधतो आहे. दुचाकी एक, अविवाहित, आईवडील साताऱ्याचे आहेत आणि अनामत रक्कम तयार आहे.